हमीदचा चिमटा आणि फुफीच्या बांगड्या

चाँदरातीची गोष्ट आहे. सणसरच्या आमच्या घरी शिरखुर्म्याची तयारी चालली होती. मुलांची अम्मी खारका चिरत होती, आमच्या अम्मा भिजवलेले बदाम सोलत बसल्या होत्या. अम्मांना, म्हणजे मुलांच्या दादींना, लिहिता-वाचता येत नाही. पण ऐकण्याची हौस दांडगी. धाकट्याला झोप यावी म्हणून नववीतल्या लेकीने एक गोष्ट वाचायला घेतली. प्रेमचंदांची ‘ईदगाह’.

आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत वाचली असेल. आई-बाप नसलेला चार-पाच वर्षांचा हमीद. त्याची म्हातारी दादी अमीना. ईदच्या जत्रेत खर्चायला त्याच्याजवळ अवघे तीन पैसे. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. मातीची खेळणीच, पण काय त्यांची ऐट! हमीद मात्र लोखंडाच्या दुकानासमोर थांबतो. रोटी भाजताना दादीची बोटे तव्यावर पोळतात, हे त्याला आठवते. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो आणि शेवटी तीन पैशांत देतो.

चिमट्याची घासाघीस सुरू झाली तेव्हा अम्मांचे हात थांबले. गोष्ट संपली तरी त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बेटी, उस बच्चे का आगे क्या हुआ? दादी गुजरी तो उसकू कौन संभाल्या?”

धाकटा हसला. “दादी, वो सच्ची का नै, किताब का है.”

अम्मांना राग आला. “किताब का है तो क्या हुआ? भूका नै रहता क्या?”

दुसऱ्या दिवशी नमाजहून आल्यावर अम्मांनी सगळ्या नातवंडांना ईदी वाटली आणि एक नोट मुठीत ठेवून घेतली. गल्लीतल्या एका यतीम मुलाला बोलावून ती त्याच्या हातावर ठेवली. “ये हमीद की,” एवढेच म्हणाल्या. पोराला काही कळले नाही. त्याचे नाव हमीद नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरात एक प्रश्न घोळतो आहे. जो कधी जन्मलाच नाही, त्या मुलाने अम्मांच्या मुठीतली नोट बाहेर काढली कशी? हा लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने.

चेहरा कोण देतो?

‘ईदगाह’ १९३३ साली छापून आली. तिला नव्वदहून अधिक वर्षे झाली. प्रेमचंद १९३६ मध्ये वारले; हमीद अजून चार-पाच वर्षांचाच आहे. वाराणसीजवळच्या लमही गावात एका हिंदू घरात जन्मलेल्या लेखकाने मुसलमान घरातली ईद लिहिली आणि ती वाचताना आपल्याला कुठे परके वाटत नाही. हे घडले कशाने?

आम्ही गोष्ट पुन्हा काढून वाचली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हमीद किती गुणी आहे याची पाने भरलेली नाहीत. आहेत ते बारीकसारीक तपशील: तीन पैसे, सहा पैशांचा चिमटा, पोळलेली बोटे, मिठाईच्या दुकानासमोर मारलेले मन. एवढ्या सामानावर वाचक स्वतः मुलगा उभा करतो. बाकीचे आपण आपल्या घरातून आणतो.

अम्मांना विचारले, “तुम्हाला तो हमीद दिसला का? कसा दिसला?” त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता आपल्या धाकट्या भावाचे, आमच्या मामूंचे नाव घेतले. मामू तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. अम्मा तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. चुलीपुढे बसून त्यांनीच त्याला वाढवले. म्हणजे गोष्ट प्रेमचंदांची, पण हमीदचा चेहरा मामूंचा आणि पोळलेली बोटे अम्मांची स्वतःची. ती नोट उगाच बाहेर आली नव्हती.

नीरेच्या पलीकडचे भोकरवाडी

आमच्या भागाला ही विद्या नवी नाही. दर वर्षी तुकोबांची पालखी सणसरला मुक्काम करते, पुढे इंदापूर आणि सराटीवरून जाते आणि नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. त्या अकलूजला १४ एप्रिल १९२७ रोजी द. मा. मिरासदार जन्मले. त्यांनी आपल्या कथांसाठी भोकरवाडी नावाचे गाव वसवले. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही त्या गावची मंडळी. नकाशावर शोधले तर मिरासदारांचे भोकरवाडी सापडणार नाही, पण आमच्याकडे कोणत्याही पारावर जाऊन विचारा, “तुमच्या गावात नाना चेंगट कोण?” लोक हसत हसत बोट दाखवतील. ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तोही हसतो, एवढी त्या माणसांबद्दल आपुलकी आहे.

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथाकथन केले. त्यामुळे ज्यांच्या हाती कधी पुस्तक आले नाही, त्यांच्याही ओळखीची ही पात्रे झाली. आमच्या अम्मांसारख्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. गोष्ट कानाने ऐकली की पात्र लवकर घरात येते.

माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालची. त्यांचे माडगूळ तेव्हाच्या औंध संस्थानात, दुष्काळी मुलखात. त्या पुस्तकात ‘मुलाण्याचा बकस’ आहे, ‘तांबोळ्याची खाला’ आहे. मराठी पुस्तकांत आपल्यासारखी माणसे शोधावी लागण्याचा तो काळ. अशा वेळी मुलाणी आणि तांबोळी त्या पुस्तकात रामोशी, चांभार, माळी यांच्या शेजारी, गावचेच म्हणून बसले आहेत. आमच्या वडिलांनी ते पुस्तक वाचून संपवले तेव्हा ते म्हणाले होते, “हा बकस मी पाहिलाय.” त्यांनी माणदेश कधी पाहिला नव्हता.

वाचकांनी परत बोलावलेले

पात्र एकदा वाचकांचे झाले की लेखकाची मालकी उरत नाही. याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे शेरलॉक होम्स. त्याचे लेखक आर्थर कॉनन डॉयल त्याला कंटाळले होते. १८९३ मध्ये त्यांनी एका कथेत होम्सला धबधब्यात पाडून संपवून टाकले. वाचक चिडले, रागावून पत्रे लिहू लागले. अखेर १९०३ मध्ये डॉयलना तो जिवंत असल्याचे लिहावे लागले. लंडनमधल्या बेकर स्ट्रीटवरच्या त्याच्या पत्त्यावर पुढे इतकी पत्रे येत राहिली, की त्या जागेवर कचेरी असलेल्या कंपनीने उत्तरे देण्यासाठी माणूस नेमला होता.

आपल्या घरांतले उदाहरण इब्ने सफींचे. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे त्यातले नायक, आणि १९५५ पासून वेगळ्या मालिकेत इमरान. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी केवळ यांच्यासाठी उर्दू वाचनाचा सराव टिकवला. १९६० नंतर इब्ने सफी गंभीर आजारी पडले आणि जवळपास तीन वर्षे लिखाण बंद झाले. वाचक वाट पाहत राहिले. १९६३ मध्ये ते ‘डेढ मतवाले’ ही इमरानची कादंबरी घेऊन परतले, तेव्हा भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. आजारातून उठले होते इब्ने सफी, पण वाचकांना परत मिळाला होता इमरान.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यातला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे! भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीस पुस्तके लिहिली. भागवत २००१ मध्ये गेले. २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. त्यात दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली आणि पडद्यावर फेणे आपल्या लेखकाला भेटला. लेखक गेल्यावर दोघांची भेट झाली, ती लहानपणी पुस्तके वाचून मोठ्या झालेल्या वाचकांमुळे.

पात्र लेखकाचेही ऐकत नाही

वाचकांचे हे झाले. खुद्द लेखकांना काय वाटते? अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास कथालेखकांशी बोलून याचा अभ्यास केला. त्यांतल्या ९२ टक्के लेखकांना आपली पात्रे कधी ना कधी स्वतःच्या मनाने वागल्याचा अनुभव होता. पुढे ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी १८१ लेखकांना असेच विचारले. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ६३ टक्के लेखकांनी लिहिताना पात्रांचे आवाज ऐकू येतात असे सांगितले.

यात भुताटकी काही नाही. एखाद्या माणसासोबत आपण वीस वर्षे राहिलो, की तो कशावर काय बोलेल हे विचार न करता कळते. लेखकाने पात्रावर मन लावून काम केले की तसेच होते. मग लेखक त्याच्या तोंडी खोटे वाक्य घालू लागला तर आतून कोणीतरी म्हणते, “मी असं बोलणार नाही.”

आमच्या घरात तर हे आवाज मोठ्याने ऐकू आले.

“मैं कब रोई?”

शाळेच्या हस्तलिखितासाठी लेकीने एक गोष्ट लिहिली. हिवाळ्याचे दिवस होते. भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चाललेले. रात्री जेवण झाल्यावर तिने ती सगळ्यांना वाचून दाखवली. गोष्टीतली बाई घरोघर जाऊन बांगड्या भरते. नवरा वारलेला. दुसऱ्यांच्या हातात हिरव्या बांगड्या भरताना प्रत्येक वेळी ती रडते. शेवटी गावाला दया येते, लोक वर्गणी करतात आणि तिचे दिवस पालटतात.

ऐकणाऱ्यांत आमची बहीणही होती, मुलांची फुफी. पंधरा वर्षांपूर्वी तिचा शौहर गेला. इद्दत संपल्यावर तिने सासरचा बांगड्यांचा धंदा स्वतः चालवायला घेतला आणि दोन मुले शिकवली.

गोष्ट संपली. फुफी उठली आणि काही न बोलता भांडी घासायला गेली. दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लेकीनेच रडत विचारले, “फुफी, माझं काय चुकलं?”

तेव्हा फुफी बोलली. “मैं कब रोई? लोगां के घर में बैठ के रोई तो दुसरे दिन कौन बुलाएगा मेरे कू?” मग मराठीत म्हणाली, “अगं, बांगडी भरताना रडायला सवड असते का? अंगठा तळहातात घ्यायचा, पंजा दाबायचा, समोरचीला बोलण्यात गुंतवायचं म्हणजे दुखत नाही. काच फुटली तर नुकसान माझं आणि रक्त तिचं. माझं सगळं ध्यान हातावर असायचं. आणि वर्गणी? गावानं माझ्यासाठी कधी वर्गणी केली? मी कोणाचा रुपया घेतला नाही. उद्या हे वाचून माझ्या पोरांना कोणी विचारलं तर?”

घरात दोन तट पडले. आमचे थोरले भाईजान, ज्यांना मुले बडे अब्बा म्हणतात, त्यांचे म्हणणे, “गोष्टी रचायच्याच कशाला? खोटं ते खोटंच. फाडून टाक.” मुलांच्या अम्मीचे म्हणणे, “लेकरानं प्रेमानं लिहिलंय, असू द्या.” हस्तलिखित सोमवारी द्यायचे होते. आम्ही मध्ये अडकलो. खरे सांगायचे तर आम्हाला ती गोष्ट आवडली होती. फुफीच्या बाजूने आम्ही विचारच केला नव्हता, याची शरम वाटली.

शेवटी लेकीने स्वतःच तोड काढली. गोष्ट फाडली नाही, पुन्हा लिहिली. आधी फुफीची परवानगी मागितली. बाईचे गाव बदलले, मुलांच्या जागी एक मुलगी आली. रविवारी दिवसभर ती फुफीबरोबर घरोघर हिंडली आणि पंजा कसा दाबतात ते शिकली. पहिल्या प्रयत्नात तीन बांगड्या फोडल्या. वर्गणीचा शेवट काढून टाकला. नवा शेवट काय करावा हे मात्र सुचेना. रात्री उशिरा ती आम्हाला म्हणाली, “मला वाटत होतं की ती बाई शेवटी स्वतःच्या मुलीच्या लग्नात बांगड्या भरेल. पण ती भरतच नाहीये. ती म्हणतेय, आज मी पाहुणी आहे, आज दुसरी कोणी भरेल.”

“ती म्हणतेय” हे शब्द ऐकून आम्ही चमकलो. टेलरबाईंनी पन्नास लेखकांकडून जे ऐकले, ते आमच्या ओसरीवर आले होते.

फुफीने नवी गोष्ट ऐकली. बराच वेळ गप्प बसली. मग विचारले, “उस औरत की बेटी का आगे क्या हुआ?” पहिल्या गोष्टीत फुफीला स्वतःची विटंबना दिसली होती. या वेळी तिला दुसरी बाई दिसली, जिच्याबद्दल काळजी वाटू शकते. गोष्ट सोमवारी शाळेत गेली.

अकबरी जास्त लक्षात का राहते?

या प्रसंगाने आम्हाला डेप्युटी नजीर अहमद आठवले. त्यांनी आपल्या मुलींना वाचायला चांगले पुस्तक मिळेना म्हणून स्वतःच लिहिले. ते १८६९ मध्ये ‘मिरात-उल-उरूस’ या नावाने छापले गेले आणि सरकारने त्याला एक हजार रुपयांचे इनाम दिले. त्यात दोन बहिणी आहेत: हट्टी, घर बिघडवणारी अकबरी आणि समजूतदार, घर सावरणारी असगरी. कितीतरी घरांत मुलींना असगरी हो, अकबरी होऊ नको, असे सांगितले गेले.

पण आम्हाला अकबरीच जास्त जिवंत वाटते. ती चुकते, रुसते, फसवली जाते. असगरीचे सगळेच बरोबर येते, म्हणून तिचा हात धरता येत नाही. आमच्या लेकीच्या पहिल्या गोष्टीत हेच झाले होते. तिने फुफीला सोसणारी, रडणारी, बिचारी करून टाकले होते. माणसाला नुसता सद्गुण किंवा नुसते दुःख करून टाकले की तो माणूस उरत नाही. हे गोष्टीत खरे आहे, तितकेच आपल्या शेजाऱ्याबद्दल बोलतानाही खरे आहे.

गोष्ट म्हणजे खोटे बोलणे का?

भाईजानांचा प्रश्न मात्र बाजूला सारण्यासारखा नाही. अनेक दीनदार घरांत तो विचारला जातो. कुरआन शरीफमधले किस्से ही वेगळी बाब. ते आपल्यासाठी सत्य आहेत, कल्पित गोष्टींशी त्यांची तुलना करायची नाही. प्रश्न माणसांनी रचलेल्या गोष्टींचा आहे.

आम्ही भाईजानांना एवढेच म्हणालो, की खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला फसवायला बघतो. गोष्ट सांगणारा आधीच सांगतो, की ही गोष्ट आहे. आपल्या बुजुर्गांनीही हा मार्ग टाकलेला नाही. शेख सादींनी १२५८ मध्ये ‘गुलिस्ताँ’ पुरे केले. त्यातल्या हिकायतींवर मदरशांच्या कित्येक पिढ्या फारसी शिकल्या. बाराव्या शतकात अंदलूसच्या इब्न तुफैल यांनी ‘हय्य इब्न यक्जान’ लिहिले. एकट्या बेटावर वाढलेला एक मुलगा केवळ पाहून आणि विचार करून निर्मात्याच्या जाणिवेपर्यंत पोहोचतो, अशी ती कथा. १६७१ मध्ये तिचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातल्या विद्वानांनी ती वाचली. हय्य नावाचा मुलगा कुठल्याही बेटावर नव्हता. तरी त्याच्यामुळे शेकडो वर्षे माणसे विचार करत राहिली.

भाईजान पूर्ण पटले असे म्हणणार नाही. पण ते म्हणाले, “गोष्ट लिहायची तर कोणाची अब्रू जाऊ नये, आणि वाईटाला चांगलं दाखवू नये.” ही अट आम्हाला मान्य आहे. गीबत गोष्टीच्या पदराआड लपवली म्हणून ती गीबत राहत नाही असे नाही. जिवंत माणसावरून पात्र घ्यायचे तर त्या माणसाचा हक्क आधी.

आपल्या घरी

आता थोडे आपल्या सर्वांसाठी. आम्हाला अनुभवाने सुचलेल्या या चार गोष्टी आहेत.

रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे कोणीतरी मोठ्याने वाचावे. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवर्जून जवळ बसवावे. सगळ्यात चांगले प्रश्न त्यांच्याकडून येतात.

गोष्ट संपल्यावर मुलांना “तात्पर्य काय?” असे लगेच विचारू नये. “त्याचे पुढे काय झाले असेल?” असे विचारावे. मूल उत्तर देताना दुसऱ्याच्या जागी उभे राहायला शिकते.

मुलांनी गोष्ट लिहिली तर ती फाडू नये, डोक्यावरही घेऊ नये. “ही बाई दिवसभर काय काम करते, तिचे हात कसे चालतात, हे तू पाहिलेस का?” एवढे विचारावे.

आणि गोष्ट खऱ्या माणसावरून असेल, तर छापण्याआधी ती त्या माणसाला वाचून दाखवावी. तो रागावला तर त्याचे ऐकावे. आमच्या लेकीची गोष्ट सुधारली ती फुफीच्या रागामुळे.

परवा अम्मांनी पुन्हा ‘ईदगाह’ वाचायला लावली. शेवट माहीत असूनही चिमट्याची घासाघीस आली तसे त्यांचे हात थांबले. या ईदलाही त्या एक नोट बाजूला ठेवतील, इन्शाअल्लाह. गल्लीतला तो मुलगा आता विचारतो, “दादी, हमीद कौन है?” अम्मांनी त्याला सांगितले आहे, “घर कू आ, पढ के सुनाएंगे.”